चाई पडली तेव्हा

हा लेख लिहिणारा हात एकाचा असला तरी सांगणारे आम्ही दोघे आहोत, नवराबायको. आमच्यापैकी एक उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, दुसरी घरी कपडे शिवते. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचे घर आहे. लेकीचे नाव या लेखात कुठेही येणार नाही. लिहायला तिने परवानगी दिली ती याच अटीवर.

२०२१ ची रमजान ईद. कोरोनामुळे ईदची नमाजही घरीच पढायची होती, तरी चाँदरातीला घरात मेंदी भिजवली होती. लेक तेव्हा अकरा वर्षांची. दोन्ही हातांवर मेंदी काढून ती बसली आणि अम्मी मागे बसून तिची वेणी घालू लागली. केसांचा भांग पाडताना उजव्या कानाच्या मागे दहा रुपयांच्या नाण्याएवढी एक जागा दिसली. अगदी गुळगुळीत. जखम नाही, खवले नाहीत, लाली नाही, खाज नाही. फक्त केस नाहीत. मेंदी वाळायची होती म्हणून लेकीला हात लावून बघता येत नव्हते. अम्मीने त्या जागेवर बाजूचे केस ओढून घेतले, वेणी घट्ट घातली आणि काही बोलली नाही. रात्री ती गोष्ट आम्ही दोघांनी हळू आवाजात बोलून घेतली आणि ठरवले, ईद होऊ दे.

लेकीला ते कळले तिसऱ्या दिवशी. फज्रच्या वुजूला डोक्याचा मसह करताना तिच्या ओल्या बोटांना ती जागा लागली. ती तशीच भिजल्या हाताने आमच्याकडे आली आणि म्हणाली, "अम्मी, इथे काय झालंय?" लपवणे तिथे संपायला हवे होते. पण खरे तर ते तिथून सुरू झाले.

आमच्या घरातल्या मोठ्या माणसांना हा प्रकार ठाऊक होता. मराठीत त्याला चाई पडणे म्हणतात. उर्दूत बालखोरा म्हणतात, म्हणजे केस खाणारा. आयुर्वेदात इंद्रलुप्त हे नाव आहे. युनानी वैद्यकात त्याला दाउस्सअलब म्हणतात, म्हणजे कोल्ह्याचा आजार. कोल्ह्याच्या अंगावरचे केस खरजेने असेच चकत्याचकत्यांनी जातात म्हणून. डॉक्टर लोक वापरतात तो अलोपेशिया हा शब्दसुद्धा कोल्ह्याच्या ग्रीक नावावरूनच आला आहे. इतक्या भाषांत इतकी जुनी नावे आहेत, यावरूनच कळावे की आजार नवा नाही आणि दुर्मिळही नाही. पण हे सारे आम्ही नंतर वाचले. त्या दिवशी दादी म्हणाली, "केसांना कीड लागली आहे, लसूण ठेचून घास." आम्ही लसूण घासला. दुसऱ्या दिवशी तिथे फोड आला. पोर रात्रभर कण्हत होती आणि पुढचा आठवडा तो भाजलेला डाग बरा करण्यात गेला.

मग कांद्याचा रस झाला, मोबाईलवर कुणीतरी पाठवलेले 'गॅरंटीचे' तेल झाले. त्या तेलाच्या तीन बाटल्यांना साडेचार हजार रुपये गेले. नजर लागली म्हणून दम केलेले पाणी आणले. दुआ करण्यात गैर काहीच नाही, आम्ही आजही करतो. पण दुआच्या आडोशाला बसून आम्ही दोन महिने दवाखाना टाळला, हे कबूल केले पाहिजे. त्या दोन महिन्यांत एकाच्या तीन चाया झाल्या.

जुलैमध्ये मिरजेला त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. बाई मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी भिंगाने डोके पाहिले, कडेचे थोडे केस हलकेच ओढून पाहिले, नखे पाहिली. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे होते. ते आमच्या लक्षातच आले नव्हते. मग त्यांनी आम्हाला भिंगातून चाईच्या कडेचा एक तुटका केस दाखवला. वर जाड, खाली मुळाशी निमुळता. "याला आम्ही उद्गारचिन्हासारखा केस म्हणतो," त्या म्हणाल्या. मराठीच्या तासाला उद्गारचिन्हावर गुण कापणाऱ्या आम्हाला ते चिन्ह लेकीच्या डोक्यावर पाहावे लागेल असे कधी वाटले नव्हते.

डॉक्टरांनी जे समजावले ते आमच्या शब्दांत असे. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात. त्या घराच्या पहारेकऱ्यासारख्या. काही माणसांत हे पहारेकरी घरच्याच माणसाला चोर समजतात. सांधे, थायरॉइड, त्वचेचा रंग, असा ज्याचा त्याचा बळी वेगळा. चाईत हा हल्ला केसांच्या मुळावर होतो. वाढीला लागलेल्या केसाच्या मुळाभोवती या पेशी गोळा होतात आणि केस गळून पडतो. मात्र मूळ मरत नाही. तिथे व्रण उरत नाही, केस उगवण्याची जागा शाबूत राहते, म्हणून केस परत येऊ शकतात, कधी कधी कित्येक वर्षांनीही. हा जंतूंचा आजार नाही. एकाच्या कंगव्याने, टोपीने, उशीने दुसऱ्याला होत नाही. घाणीने होत नाही, तेल न लावल्याने होत नाही, आईने गरोदरपणात काही केल्याने होत नाही. थोडा भाग वंशातून येतो. काही घरांत थायरॉइड, कोड, दमा किंवा इसब असते आणि त्याच घरात चाईही दिसते. आमच्या घरात नानीला थायरॉइड आहे. त्यावर डॉक्टरांनी लेकीचे रक्त तपासायला सांगितले. तो रिपोर्ट ठीक आला.

"किती जणांना होतं हे?" आम्ही विचारले. मनात होते की आमच्याच पोरीला का. डॉक्टर म्हणाल्या, "जगभरातले आकडे साधारण सारखेच आहेत. शंभरांतल्या दोघांना आयुष्यात कधी ना कधी होतं."

शंभरांत दोन! घरी येताना एसटीत बसून आम्ही हिशेब करत होतो. आमच्या मोहल्ल्यात पाच हजार माणसे धरली तर शंभर जणांना हे आयुष्यात एकदा तरी होऊन गेलेले असणार किंवा होणार. एका वेळी पाहिले तर हजारात एक किंवा दोघांना ते असते. म्हणजे आज या घडीला त्या पाच हजारांत पाच ते दहा जण. सहाशे मुलांच्या शाळेत एखादे मूल. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आसपास होती. त्या हिशेबाने आपल्या राज्यातच लाख-दोन लाख माणसे आज चाई घेऊन वावरत आहेत. पुरुषांना होते, बायकांना होते, गोऱ्यांना होते, काळ्यांना होते. कुठल्याही वयात होते, पण अनेकांना पहिली चाई लहानपणी किंवा तरुणपणीच पडते.

मग इतकी माणसे आम्हाला कधी दिसली कशी नाहीत? उत्तर सोपे आहे. आम्ही जे करत होतो तेच ती सगळी घरे करत आहेत. कुणी टोपी घालते, कुणी ओढणी, कुणी केस दुसऱ्या बाजूला वळवते, कुणी सरळ घराबाहेर पडणे बंद करते. मग ज्याला होते त्याला वाटते, जगात आपण एकटेच.

आमच्या पाहुण्यांत एक वाक्य वारंवार ऐकायला मिळाले. "तुमचं बरं आहे, मुलगी आहे, डोक्यावर ओढणी असतेच. कुणाला कळणार?" सांगणारी मायेने सांगायची. पण ओढणी रस्त्यावर असते. घरात, आरशासमोर, आंघोळीच्या वेळी, बहिणींबरोबर झोपताना नसते. लग्नाच्या घरी हळदीच्या रात्री साऱ्या मुली मोकळ्या केसांनी बसतात, गजरे माळतात. तिथे एकटी मुलगी डोके गुंडाळून बसली की उलट साऱ्यांच्या नजरा तिच्याकडेच जातात. आणि वुजू दिवसातून पाच वेळा करायचा असतो. पहिल्या वर्षी लेकीने आम्हाला सांगितले होते की मसह करताना ती डोळे मिटून घेते. ओढणीने डोके झाकते, पण ज्याचे त्याला ते कळायचे राहत नाही.

मुलग्यांचे तर आणखी वेगळे. न्हाव्याच्या खुर्चीत बसले की मागे रांगेत बसलेल्या चौघांना दिसते.

दिवाळीनंतर शाळा सुरू झाल्या. तोवर मलमाने एका जागी केस येऊ लागले होते. आधी पांढरे आले. दादी घाबरली. पण डॉक्टरांनी आधीच बजावले होते की नवे केस बहुधा पांढरे येतात आणि मग रंग धरतात. तरी एक दिवस खेळताना ओढणी सरकली आणि वर्गाने पाहिले. लेक शिकते ती शाळा आमच्या शाळेपेक्षा वेगळी. तिथे एका मैत्रिणीच्या आईने बाईंना सांगितले की आमच्या मुलीला हिच्याजवळ बसवू नका, लागण होईल. बाईंनी बाक बदलला. लेक घरी आली, दप्तर ठेवले आणि जेवली नाही. दोन दिवसांनी आम्हाला कारण कळले.

त्या रात्री आम्ही दोघेही फार संतापलो होतो. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन काय बोलायचे ते मनात जुळवत होतो. जुळवता जुळवता एक जुनी गोष्ट आठवली आणि दोघेही गप्प झालो.

ती २०१० सालची. आमच्या शाळेत सहावीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या डोक्यावर अशाच दोन-तीन गोल जागा होत्या. आम्ही शिक्षकांनी शिक्षकखोलीत बसून ठरवून टाकले की हे गजकर्ण आहे. कुणी जवळ जाऊन पाहिले नाही. त्याला शेवटच्या बाकावर एकटे बसवले आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय पुढे बसायचे नाही असे सांगितले. चिठ्ठी त्याने कधी आणली नाही. त्याचे वडील हमाली करायचे, त्यांना एक दिवसाची मजुरी सोडून तालुक्याच्या दवाखान्यात रांगेत उभे राहणे जमले नसावे. पोरांनी त्याला 'नकाशा' म्हणायला सुरुवात केली. आम्ही ते ऐकले होते. जूनमध्ये तो शाळेत आला नाही. दुसऱ्या शाळेत गेला असे कळले. आणि या गोष्टीत आमच्या घराचाही वाटा आहे. त्या वेळी घरी येऊन हे सांगितले तेव्हा घरातूनही उत्तर आले होते, "बरं केलं, आपल्या घरी लहान बाळ आहे." ते बाळ म्हणजे हीच लेक.

गजकर्ण आणि चाई यांतला फरक पाहायला डॉक्टर व्हावे लागत नाही, हे आज कळते. गजकर्णात बहुधा खवले असतात, खाज असते, केस अर्धवट तुटलेले असतात आणि ते लागणारे असते. त्यावर काही आठवडे गोळ्या घेतल्या की ते बरे होते. चाई गुळगुळीत असते आणि लागत नाही. शंका असेल तर डॉक्टरांना दाखवावे. पण दोन्हींत मुलाला एकटे पाडणे हे औषध नाही. आम्ही बीएडला बालमानसशास्त्र शिकलो होतो, त्यावर चांगले गुणही मिळवले होते.

लेकीच्या शाळेत आम्ही गेलो, पण भांडायला नाही. डॉक्टरांनी साध्या मराठीत लिहून दिलेला कागद बाईंना दिला आणि आमच्याकडून पूर्वी काय घडले तेही सांगितले. बाई तरुण होत्या. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी लेकीला विचारून, तिच्या संमतीने, वर्गात पाच मिनिटे त्यावर बोलल्या. बाक पुन्हा बदलला. सगळे चिडवणे थांबले असे नाही, पण लागणीची भीती गेली.

त्याच वर्षी, म्हणजे मार्च २०२२ मध्ये, ऑस्कर समारंभातली ती थप्पड सगळ्यांनी मोबाईलवर पाहिली. क्रिस रॉक याने जेडा पिंकेट स्मिथ या अभिनेत्रीच्या केस नसलेल्या डोक्यावर विनोद केला आणि तिच्या नवऱ्याने, विल स्मिथने, मंचावर जाऊन त्याला मारले. तिला हाच केस जाण्याचा आजार आहे हे तिने आधीच जाहीर सांगितले होते. आमच्या शिक्षकखोलीत थप्पड बरोबर की चूक यावर वाद रंगला. मारणे चूकच. पण घरी लेकीने तो व्हिडिओ तीनदा पाहिला आणि तिचा प्रश्न वेगळा होता. "थप्पड नंतरची, अब्बा. त्याच्या आधी सगळे हसले ना, ते का हसले?" तिला आम्ही काय उत्तर देणार?

केस गेल्याने माणूस मरत नाही, दुखत नाही, ताप येत नाही. म्हणूनच लोक म्हणतात, "केसच तर आहेत." पण चाई असलेल्या लोकांत उदासी आणि चिंतेचे आजार इतरांपेक्षा जास्त आढळतात, हे डॉक्टरांच्या अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. भुवया आणि पापण्या गेल्या तर घाम आणि धूळ सरळ डोळ्यांत जाते. शिवाय हा आजार सांगून येत नाही आणि सांगून जात नाही. थोड्या चाया असतील तर जवळजवळ निम्म्या लोकांचे केस वर्षभरात आपोआप परत येतात, आणि पुन्हा जाऊही शकतात. शंभरांतल्या पाच-दहा रुग्णांचे सगळे डोके, किंवा सगळ्या अंगावरचे केस जातात. आपण कुणात मोडणार हे कुणालाच आधी सांगता येत नाही. ही टांगती तलवार घेऊन बारा वर्षांच्या मुलीने भूमितीचे प्रमेय पाठ करायचे असते.

आमच्या लेकीचे केस २०२२ च्या उन्हाळ्यात जवळजवळ पूर्ण आले होते. आम्ही सदका काढला, मिठाई वाटली. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा गेले आणि या वेळी अर्धे डोके आणि डावी भुवई घेऊन गेले. उशीवर, कंगव्यात, वुजूच्या पाण्यात केस. आमच्यातली एक पहाटे सगळ्यांच्या आधी उठून उशी झटकायची, लेकीला दिसू नये म्हणून. लेक जागीच असायची, दिसू नये म्हणून डोळे मिटून पडलेली असायची. हे आम्हाला तिने दोन वर्षांनी सांगितले.

त्या दिवसांत एक फुफी येऊन म्हणाली, "कुणाला सांगू नका. उद्या रिश्ता यायचा आहे." मुलगी सातवीत होती!

याच डिसेंबरमध्ये आमचे अब्बा, म्हणजे लेकीचे दादा, उमरा करून आले. तिथल्या रिवाजाप्रमाणे डोके भादरून आले होते. गल्लीतला जो तो त्यांना मिठी मारत होता, मुबारकबाद देत होता, त्यांच्याकडे कौतुकाने बघत होता. लेक दारात उभी राहून बघत होती. सगळे गेल्यावर तिने डोक्यावरची ओढणी काढली, दादांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "दादा, आता आपण दोघे सारखे." दादी पदर डोळ्याला लावून आत गेली. दादा हसले. म्हणाले, "माझे महिनाभरात येतील. तुझे कधी ते अल्लाह जाणे. पण आज सारखे." त्या दिवसापासून घरात ती डोके उघडे ठेवून वावरू लागली. आमच्या सगळ्या मलमांनी जे झाले नव्हते ते तेव्हा झाले.

उपचारांबद्दल थोडे स्पष्ट सांगतो, कारण घराघरांत याच चुका होतात. चाईसाठी त्वचेवर लावायची स्टिरॉइडची मलमे असतात. थोड्या जागा असतील तर त्याच जागी स्टिरॉइडची बारीक इंजेक्शने देतात, दर चार-सहा आठवड्यांनी, ती दुखतात. मिनॉक्सिडिल लावायला देतात. काही ठिकाणी मुद्दाम सौम्य ॲलर्जी उठवणारे औषध लावून त्या पहारेकरी पेशींचे लक्ष दुसरीकडे वळवतात. गेल्या काही वर्षांत नवी गोळ्यांची औषधे आली आहेत. अमेरिकेत जून २०२२ मध्ये बॅरिसिटिनिब या गोळीला मोठ्यांच्या गंभीर चाईसाठी मान्यता मिळाली, आणि पुढच्या वर्षी रिटलेसिटिनिबला बारा वर्षांपुढच्यांसाठी. पुष्कळांना गुण येतो, सर्वांना नाही. त्या प्रतिकारशक्तीला आवर घालतात, म्हणून रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतात, जंतुसंसर्गाकडे लक्ष ठेवावे लागते, आणि गोळी थांबवल्यावर केस पुन्हा जाऊ शकतात. यातले काहीही दुकानातून परस्पर आणून घेण्यासारखे नाही. आणि जो 'शंभर टक्के गॅरंटी' म्हणेल त्याच्याकडून उठून यावे.

विगचाही विषय निघाला. आम्ही आमच्या मौलानांना विचारले. माणसाच्या केसांचा नको, कृत्रिम धाग्याचा चालेल, असे त्यांनी सांगितले. यात आलिमांची मते वेगवेगळी आहेत; ज्यांना गरज असेल त्यांनी आपल्या जाणकारांना विचारावे. आम्ही कृत्रिम विग आणला. एप्रिलच्या उन्हात तो लेकीने दीड तास घातला, मग काढून शिवणयंत्राच्या डब्यावर ठेवला. तो अजून तिथेच आहे. त्यापेक्षा अम्मीने सुती कापडाच्या शिवलेल्या टोप्या तिला आवडल्या.

गोळ्यांवरून मात्र आमच्या घरात खरा वाद झाला. आम्हाला त्या हव्या होत्या. पैसे उसने घ्यायचीही तयारी होती. लेक नववीत गेली होती. डॉक्टरांनी फायदा आणि धोका दोन्ही तिच्यासमोर सांगितले. बाहेर येऊन ती म्हणाली, "मला एक वर्ष काहीच नको. सुया नको, गोळ्या नको. मला वाटलं तर मी सांगेन." आम्ही समजावले, रागावलो, रडलोही. डॉक्टर म्हणाल्या, "तिच्या जिवाला धोका नाही. थांबलं तर चालेल. हे केस कुणासाठी हवे आहेत, ते आधी बघा." त्या प्रश्नाने आम्हाला महिनाभर झोप दिली नाही. खरे उत्तर असे की निम्मे तरी ते आम्हाला हवे होते, लग्नघरी मान वर करून जाता यावे म्हणून.

बनी इस्राईलमधल्या तिघांची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ती आहे. कोड असलेला, टक्कल पडलेला आणि आंधळा. फरिश्ता येऊन प्रत्येकाला काय हवे ते विचारतो. आम्ही ती शाळेत कितीदा सांगितली असेल, शुक्र आणि नाशुक्रीचा धडा म्हणून. पण त्या टक्कल पडलेल्याचे दुःख काय होते, याकडे आमचे लक्ष गेले नव्हते. चांगले केस त्याने मागितले, पण कारण सांगितले ते लोकांचे. लोकांना आपली किळस येते, हे. किळस त्याच्या डोक्यातून उगवलेली नव्हती, ती शेजाऱ्यांची होती.

२०२३ मध्ये आम्ही त्या जुन्या विद्यार्थ्याला शोधले. एसटी स्टँडजवळ त्याचे मोबाईल दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. डोक्यावर दाट केस. ते दीड-दोन वर्षांत आपोआप आले होते, तो म्हणाला. आम्ही त्याची माफी मागितली. तो ओशाळला, चहा मागवला, "जाऊ द्या सर, जुनी गोष्ट" म्हणाला. मग थोड्या वेळाने, हातातल्या मोबाईलकडेच बघत म्हणाला, "सर, तुम्ही एकदा जरी माझ्या डोक्यावर हात ठेवला असता ना, तर पोरं बसली असती माझ्या शेजारी." पुढे तो काही बोलला नाही. आम्ही स्क्रीनगार्ड बसवून घेतला, त्याचे पैसे त्याने घेतले, आणि आम्ही निघालो.

लेक आता दहावीत आहे. डोक्याच्या वरच्या भागात केस आले आहेत, मानेकडे अजून नाहीत. भुवई अर्धी आहे. पुढे काय होईल, हे डॉक्टर सांगत नाहीत आणि आम्ही विचारत नाही. वर्ष झाल्यावर उपचारांचा विषय तिनेच काढायचा असे ठरले होते. तिने तो अजून काढलेला नाही. हा मजकूर तिला वाचून दाखवला तेव्हा एका ठिकाणी तिने थांबवले. आम्ही तिथे 'बिचारी' लिहिले होते. तो शब्द काढला आहे.

वाचकांना एवढेच सांगायचे आहे. तुमच्या घरात, शेजारी, वर्गात हे कुणाला ना कुणाला असणारच. शंभरांत दोन हा आकडा लहान नाही. अशा मुलाला कारण विचारू नका, नुस्खे सांगू नका, रिश्त्याची काळजी वाहू नका. आईला दोष देऊ नका. वेळेत चांगल्या त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, आणि मूल फार गप्प झाले तर मनाच्या डॉक्टरांना दाखवायलाही लाजू नका. शिक्षकांनी एकदा तरी वर्गात स्वच्छ सांगावे की हे लागत नाही.

आणि एक साधी गोष्ट. ईदला मोठी माणसे मुलांच्या डोक्यावर हात ठेवून दुआ देतात. मधल्या दोन वर्षांत आमच्या काही पाहुण्यांचे हात लेकीच्या डोक्यापर्यंत येऊन खांद्यावर उतरायचे. त्यांच्या मनात वाईट नव्हते, दुखेल किंवा तिला वाईट वाटेल असे त्यांना वाटत असावे. पण तिने ते प्रत्येक वेळी मोजले. तो हात डोक्यावरच ठेवा.